‘घरी न्या, सेवा करा’ म्हणता, मग सेवेला लागणारं औषधही द्या

प्रति,
मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य,
आणि राज्यातले सर्व जिल्हा शल्यचिकित्सक यांस

विषय : जिल्हा व उपजिल्हा रुग्णालयांत पॅलिएटिव्ह केअर (गंभीर आजारातल्या रुग्णाची वेदना व त्रास कमी करणारी सेवा) आणि मॉर्फिनच्या (अफूपासून बनणाऱ्या, तीव्र वेदना थांबवणाऱ्या) गोळ्या मिळण्याबाबत

महोदय,

मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी २२ वर्षं मेडिकल दुकान चालवतो. शिक्षण डी.फार्म. मी डॉक्टर नाही आणि कुठल्या संघटनेचा पदाधिकारीही नाही. याच विषयावर मी दोनदा अर्ज दिला. दोन्हींची पोच मिळाली, उत्तर आलं नाही. म्हणून आता सगळ्यांसमोर लिहितो आहे.

गेल्या महिन्यात कामानिमित्त आमच्या जिल्हा रुग्णालयात गेलो होतो. ओपीडीच्या मागच्या अंगाला एक खोली आहे, तिच्या दारावर ‘पॅलिएटिव्ह केअर कक्ष’ अशी पाटी असायची. पाटी काढलेली दिसली, स्क्रूची चार भोकं तेवढी उरली होती. आत सलाइनचे खोके आणि मोडक्या खुर्च्या रचून ठेवलेल्या. विचारलं तर सांगण्यात आलं, “तिथे पेशंट येतच नव्हते, म्हणून खोली स्टोअरला दिली.”

पेशंट येत होते, साहेब. त्यातल्या एकीचा मी मुलगा आहे. आम्ही तीनदा आलो होतो.

माझ्या आईला गालाचा कॅन्सर होता. लहानपणापासून तिला मिश्रीची सवय. पहाटे चुलीपुढे बसून ती तव्यावर तंबाखू भाजायची, आमच्या घराला तोच वास होता. गालाच्या आत गाठ निघाली तेव्हा ती ६४ वर्षांची होती. मुंबईला ऑपरेशन झालं, नंतर रेडिएशनचे ३३ शेक. सगळं महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेतून झालं. त्यासाठी आम्हाला कर्ज काढावं लागलं नाही. त्याबद्दल शासनाचे मनापासून आभार मानतो, हे आधी नोंदवून ठेवतो.

दीड वर्षाने गाठ परत आली. जबड्याच्या हाडात शिरली, मानेत उतरली. तपासण्या झाल्यावर डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाले, “आता इथे करण्यासारखं काही राहिलं नाही. घरी न्या, सेवा करा.” डॉक्टरांना मी दोष देत नाही, बाहेर शंभर माणसं ताटकळत बसली होती. पण डिस्चार्ज कार्डावरचा सल्ला मला अजून पाठ आहे : मऊ आहार, दुखल्यास पॅरासिटामॉल, गरज पडल्यास पुन्हा दाखवणे. हाडात कॅन्सर शिरलेल्या बाईला दुखल्यास पॅरासिटामॉल.

सेवा आम्ही केली. बहिणीने शिलाईचं काम सोडलं आणि माहेरी येऊन राहिली. माझी पत्नी नळीतून दर दोन तासांनी पेज घालायची. दुखण्यासाठी गावातल्या डॉक्टरांनी ट्रॅमाडॉल लिहून दिलं. त्याला मर्यादा आहे. दिवसाला ४०० मिलिग्रॅमच्या वर ते देता येत नाही, आणि आम्ही दहाव्या दिवशी तिथे पोचलो. त्याने आईला उलट्या व्हायच्या, दुखणं होतं तिथेच.

ऑपरेशननंतर तिचं बोलणं नीट कळायचं नाही. रात्री काही लागलं की उशाशी ठेवलेला चमचा ती खाटेच्या लोखंडी दांडीवर वाजवायची. आधी पाण्यासाठी, कूस बदलून देण्यासाठी. पुढे काही मागायचं नसलं तरी वाजवायची. दोन वाजता, तीन वाजता, साडेतीनला. टक, टक, टक. जवळ जाऊन बसलं तरी थांबायची नाही, कारण बसून आम्ही काय करणार होतो? शेजारी सकाळी विचारायचे, रात्रभर तुमच्याकडे आवाज कसला येतो.

जखमेला वास येऊ लागला. गालाला आरपार भोक पडलं होतं. येणारी-जाणारी माणसं उंबऱ्यापाशी उभी राहून विचारपूस करू लागली, मग तीही बंद झाली. माझा नऊ वर्षांचा मुलगा आजीच्या कुशीत झोपायचा, तो आत जाईना. आईला हे सगळं कळत होतं. ती तोंडावर पदर घेऊन भिंतीकडे वळून पडून राहायची.

या काळात मी जिल्हा रुग्णालयात तीनदा गेलो. पहिल्यांदा कक्षाला कुलूप होतं. दुसऱ्यांदा समजलं की ज्या डॉक्टरांचं ट्रेनिंग झालं होतं त्यांची बदली झाली. तिसऱ्यांदा ओपीडीत एका तरुण डॉक्टरांना गाठलं आणि मॉर्फिनच्या गोळ्यांचं विचारलं. ते खरं बोलले, म्हणून मला त्यांचा राग नाही. म्हणाले, “आम्ही ठेवत नाही. त्या रजिस्टरची जबाबदारी कोण घेणार? एक गोळी कमी भरली तर माझी नोकरी जाईल. बाहेर मिळतंय का बघा.”

बाहेर म्हणजे मीच होतो. माझ्या दुकानात दोन-अडीच हजार प्रकारची औषधं आहेत. त्या संध्याकाळी मी चार जिल्ह्यांतल्या स्टॉकिस्टांना फोन केले. कुणाकडेच मॉर्फिनच्या गोळ्या नव्हत्या. एकाने तर आवाज बारीक करून विचारलं, कशाला पाहिजे, काही लफडं नाही ना?

अकराव्या आठवड्यात एका ओळखीच्या प्रतिनिधीने पत्ता दिला. सव्वादोनशे किलोमीटरवरच्या शहरात एका धर्मादाय संस्थेचं केंद्र होतं. गाडीच्या मागच्या सीटवर गादी अंथरून आईला घेऊन गेलो. तिथल्या सिस्टर खाटेशेजारी स्टूल ओढून बसल्या आणि पाऊण तास उठल्या नाहीत. दहा मिलिग्रॅमची गोळी दर चार तासांनी द्यायची, घड्याळ लावून. दुखायला लागेपर्यंत थांबायचं नाही. रात्री झोपताना दोन एकदम, म्हणजे मधे उठवावं लागणार नाही. मॉर्फिनने पोट साफ होत नाही, म्हणून पहिल्या दिवसापासून पोट साफ होण्याची गोळी सोबत. गोळी कुटून पाण्यात विरघळवून नळीतून द्यायची, नंतर नळी पाण्याने धुवायची.

मग त्यांनी जखम उघडली. तोंडाला रुमाल लावला नाही. मिठाच्या पाण्याने ती धुतली आणि मेट्रोनिडॅझोलच्या गोळ्यांची भुकटी तिच्यावर भुरभुरली. म्हणाल्या, रोज असं करा, चार-पाच दिवसांत वास कमी होईल. झालाही. महोदय, मेट्रोनिडॅझोलच्या गोळ्या माझ्या दुकानात डबेच्या डबे असतात. २२ वर्षं मी त्या जुलाबासाठी विकतो आहे. माझी आई वासाच्या लाजेने भिंतीकडे तोंड करून पडली होती आणि उपाय माझ्याच कपाटात, माझ्या हाताच्या अंतरावर होता. मला कुणी सांगितलं नव्हतं. हे मी स्वतःला अजून माफ करू शकलेलो नाही.

परत आल्यावर पहिल्या रात्री मी दचकून उठलो. साडेतीन वाजले होते आणि चमच्याचा आवाज नव्हता. धावत जाऊन आईच्या नाकापुढे हात धरला. श्वास शांत चालला होता. ती झोपली होती. मी तिथेच जमिनीवर बसून उजाडेपर्यंत तिच्याकडे पाहत राहिलो.

त्यानंतर ती २६ दिवस जगली. त्या दिवसांत तिने नातवाकडून पाढे म्हणवून घेतले, माझ्या बहिणीला कपाटाची किल्ली दिली, कुणाकुणाचे उसने पैसे द्यायचे राहिलेत ते खुणा करून सांगितलं. मुलगा पुन्हा तिच्या कुशीत झोपू लागला. असे दिवस तिला आणखी ११ आठवडे मिळू शकले असते. गोळी देशात होती, कायदा तिच्या बाजूने होता, राज्याचं धोरण होतं, रुग्णालयात खोली होती.

माझं म्हणणं एवढंच आहे : वेदना थांबवणं हाही उपचारच आहे, आणि तो सरकारी रुग्णालयात रोज मिळाला पाहिजे. कुणाची ओळख असेल तर किंवा गाडी करायची ऐपत असेल तर, असं त्याला चालणार नाही. आता तक्रारी एकेक करून मांडतो.

पहिली तक्रार त्या वाक्याबद्दल. ‘करण्यासारखं काही राहिलं नाही’ हे वैद्यकीयदृष्ट्याही खरं नाही. वेदना, दम लागणं, उलट्या, जखमेचा वास, पाठीवरचे व्रण, झोप, भीती, या प्रत्येकावर करण्यासारखं असतं. पॅलिएटिव्ह केअर, मराठीत कुणी तिला उपशामक सेवा म्हणतं कुणी परिहार सेवा, ही उपचार संपल्यावर सुरू करायची गोष्टच नाही. आजार गंभीर आहे हे कळलं त्या दिवसापासून ती मूळ उपचारांच्या बरोबरीने चालायला हवी. २०१४ साली जागतिक आरोग्य सभेने तसा ठराव केला आहे. आणि आमच्याकडे निदान होतं तेव्हा ती सुरू होत नाही, डिस्चार्ज होतो तेव्हाही होत नाही. डिस्चार्ज कार्डावर एक फोन नंबरसुद्धा नसतो. रात्री दोन वाजता पेशंट तळमळतोय तर कुणाला विचारायचं?

दुसरी तक्रार मॉर्फिनची, आणि इथे मला जरा सविस्तर बोलू द्या, कारण माझा धंदा तो आहे.

१९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने मॉर्फिन कुलपात गेलं. एका रुग्णालयाला ते ठेवायचं तर निरनिराळ्या खात्यांचे चार-पाच परवाने लागायचे, सगळे एकाच वेळी चालू हवेत, आणि चूक झाली तर थेट फौजदारी. डॉक्टर घाबरले, कंपन्या आणि स्टॉकिस्ट मागे हटले. वैद्यकीय शिक्षण घेतलेल्या पिढ्याच्या पिढ्या ही गोळी हातात न घेता निवृत्त झाल्या. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्ये कॅन्सरच्या वेदनेसाठी औषधांची पायऱ्यांची शिडी घालून दिली होती आणि वरच्या पायरीवर मॉर्फिन होतं. आपल्या बहुतेक पेशंटांसाठी शिडी ट्रॅमाडॉलपाशीच संपली.

ही चूक देशाने मान्य केली. २०१४ साली संसदेने कायदा दुरुस्त केला. मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन यांच्यासह सहा औषधं ‘अत्यावश्यक’ ठरली. २०१५ च्या नियमांनी परवान्यांचं जंजाळ काढून टाकलं. आता रुग्णालयाने राज्याच्या औषध नियंत्रकांकडून मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्था म्हणून मंजुरी घ्यायची, प्रशिक्षित डॉक्टर नेमायचा आणि हिशेब ठेवायचा, इतकंच. त्याला दहा वर्षं उलटून गेली. तरीही जिल्हा रुग्णालयातला डॉक्टर मला जुन्या कायद्याची भीती सांगतो. याचा अर्थ नवा कायदा त्याच्या टेबलापर्यंत कुणी पोचवलाच नाही. ते पोचवणं आपल्या विभागाचं काम होतं.

अफूची शेती आपल्याच देशात, मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात केंद्राच्या परवान्याने होते. नीमच आणि गाझीपूरला केंद्र सरकारचे अफूचे कारखाने आहेत. औषधं बनवण्यासाठी आपली अफू परदेशातही जाते. म्हणजे माल नाही असं नाही. आणि साध्या मॉर्फिनच्या गोळीची किंमत काही रुपये आहे. सरकारी दवाखान्यात आज मिळणारी कितीतरी अँटिबायोटिक्स तिच्याहून महाग आहेत.

व्यसनाची भीती मला कळते. अमेरिकेत या जातीच्या औषधांनी काय अनर्थ केला तो मी वाचला आहे. म्हणून नियंत्रण ढिलं करा असं मी म्हणत नाही. रजिस्टर ठेवा, गोळ्या मोजा, तपासणी करा. आई गेली तेव्हा १४ गोळ्या उरल्या होत्या. दहाव्याचं उरकल्यावर त्या मी केंद्रावर नेऊन दिल्या. सिस्टरांनी मोजल्या, नोंद केली, माझी सही घेतली. पाच मिनिटं लागली. जी नोंद एक धर्मादाय संस्था ठेवू शकते ती जिल्हा रुग्णालयाला झेपत नाही, हे मी कसं मान्य करू? माझ्यासारखा एकटा दुकानदारसुद्धा झोपेच्या गोळ्यांची आणि अशा दहा औषधांची रजिस्टरं वर्षानुवर्षं ठेवतो आणि तपासणीला दाखवतो.

तिसरी तक्रार : धोरण केलं आणि माणसं नेमली नाहीत. केंद्राचा राष्ट्रीय पॅलिएटिव्ह केअर कार्यक्रम २०१२ चा आहे, महाराष्ट्राचं धोरणही त्याच वर्षीचं. आयुष्मान आरोग्य मंदिरांतून द्यायच्या सेवांच्या यादीत वृद्धांची आणि पॅलिएटिव्ह सेवा लिहिलेली आहे. कागद भरपूर आहेत. काही जिल्ह्यांत चांगलं कामही चाललं आहे, ते करणाऱ्या डॉक्टर-सिस्टरांचा मला आदर आहे. पण ते सगळं एखाद्या माणसाच्या जिद्दीवर उभं असतं. माणूस बदलून गेला की कुलूप. सहा आठवड्यांचं ट्रेनिंग घेऊन आलेल्या सिस्टरला बाळंतपणाच्या वॉर्डात लावलं जातं आणि डॉक्टरची बदली होते. मग खोली रिकामी राहते. रिकामी खोली पाहून कुणीतरी लिहितं की पेशंट येत नाहीत.

आणि हे महाराष्ट्रात व्हावं याचं मला जास्त वाईट वाटतं. देशातलं पहिलं हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या आजारातल्या रुग्णांची काळजी घेणारं केंद्र, शांती आवेदना सदन, १९८६ साली मुंबईत वांद्र्यालाच सुरू झालं. पुण्यात वारज्याला १९९७ पासून सिप्ला फाउंडेशनचं केंद्र पेशंटकडून पैसे न घेता काम करतं आहे. परळच्या टाटा रुग्णालयात पॅलिएटिव्ह मेडिसिनमध्ये एमडी होता येतं. ज्ञान आपल्याच राज्यात आहे. ते मुंबई-पुण्याच्या वेशीबाहेर पुरेसं पडलेलं नाही.

केरळकडे बघा. १९९३ साली कोझिकोडच्या सरकारी मेडिकल कॉलेजात डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका छोट्या खोलीपासून सुरुवात केली. पुढे गावोगावचे स्वयंसेवक उभे राहिले. २००८ मध्ये राज्याने धोरण आणलं आणि ग्रामपंचायतींना त्यात घेतलं. आज तिथे पंचायतीची नर्स बॅग घेऊन घरी येते. खाटेवरच्या माणसाची पाठ बघते, मूत्रनळी बदलते, औषध देते. केरळातल्या ग्रामपंचायतीला जमतं ते आपल्या ग्रामपंचायतीला आणि आशाताईंना जमणार नाही असं मला वाटत नाही. आमच्या आशाताई उन्हातान्हात घरोघर फिरून कुष्ठरोगाचे चट्टे बघतात, बीपी-शुगरच्या याद्या करतात. त्यांना कुणी शिकवलं असतं तर मेट्रोनिडॅझोलची भुकटी मला अकरा आठवडे आधी कळली असती. अर्थात त्या कामाचा मोबदला त्यांना वेळेवर मिळाला पाहिजे, फुकटात आणखी एक ओझं नको.

चौथी : हे फक्त कॅन्सरपुरतं समजू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांनुसार पॅलिएटिव्ह केअरची गरज असलेल्या प्रौढांत हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या आजारांचे रुग्ण सुमारे ३८.५ टक्के आहेत, कॅन्सरचे ३४ टक्के. माझ्या दुकानात येणाऱ्यांत डायलिसिस थांबवलेले आहेत, वर्षानुवर्षं चुलीच्या धुराने फुप्फुसं गेलेल्या म्हाताऱ्या बायका आहेत, लकव्याने पडून असलेले आहेत. दम लागून रात्र रात्र बसून काढणाऱ्याला मॉर्फिनच्या लहान मात्रेने आराम मिळू शकतो, हे मलाही त्या सिस्टरांकडूनच कळलं. संघटनाच सांगते की जगात ज्यांना ही सेवा हवी त्यांच्यातल्या जेमतेम १४ टक्क्यांना ती मिळते. आमच्या तालुक्याचा आकडा कुणी मोजलेला नाही, पण माझ्या गिऱ्हाइकांत ती मिळालेला मी एकही पाहिला नाही.

पाचवी तक्रार पैशांची आणि घरातल्या बायांची. ऑपरेशन योजनेत बसलं, घरी आणल्यावरचं काही बसलं नाही. सक्शन मशीन भाड्याने, हवेची गादी विकत, ड्रेसिंगचं सामान माझ्या दुकानातून. मी दुकानदार म्हणून निभावलं. शेतमजुराच्या घरी काय होतं ते मी गल्ल्यावर बसून बघतो. पाच गोळ्यांच्या चिठ्ठीवर दोनच द्या म्हणतात. शेवटी हवालदिल होऊन पेशंटला खासगी आयसीयूत टाकतात आणि माणूस जातो तेव्हा शेत गहाण पडलेलं असतं. सेवेचा भार तर बायकांवरच. सून, मुलगी, बायको. माझ्या बहिणीची सुटलेली गिऱ्हाइकं आजही परत आली नाहीत.

आणखी एक. सन्मानाने मरणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी सांगितलं. आयसीयूत नळ्या लावून ठेवू नका असं आधीच लिहून ठेवण्याची पद्धत २०२३ मध्ये सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरे. त्या कागदाची प्रत सांभाळायला स्थानिक संस्थेने अधिकारी नेमायचा आहे. मी आमच्या नगरपरिषदेत चौकशी केली. तिथे हा विषय कुणी ऐकलेला नव्हता.

आता मागण्या. यातल्या एकीलाही नवा कायदा लागत नाही.

राज्यातलं प्रत्येक जिल्हा आणि उपजिल्हा रुग्णालय मॉर्फिनसाठी मान्यताप्राप्त संस्था करून घ्या. गोळ्या आहेत की नाहीत हे महिन्याच्या महिन्याला रुग्णालयाच्या फलकावर लावा, रक्तपेढीत रक्तगट लिहितात तसं.

तिथे एक डॉक्टर आणि दोन सिस्टर याच कामाला नेमा. ट्रेनिंग द्या आणि किमान तीन वर्षं हलवू नका. बदली करायचीच असेल तर आधी दुसरा माणूस तयार करा. आमच्या जिल्हा रुग्णालयातली ती खोली स्टोअरमधून परत घ्या आणि वार-वेळ ठरवून ओपीडी सुरू करा.

‘घरी न्या’ असं ज्याला सांगाल त्याच्या डिस्चार्ज कार्डावर तीन गोष्टी लिहा : वेदनेच्या औषधांचं वेळापत्रक, जवळच्या पॅलिएटिव्ह ओपीडीचं ठिकाण, आणि रात्री उचलला जाईल असा एक फोन नंबर.

तालुक्यात आठवड्यातून एक दिवस गाडी फिरवा. जो खाटेवरून उठू शकत नाही त्याच्या घरी सिस्टर गेली पाहिजे. आशाताईंना मोबदल्यासह आणि घरच्यांना हाताने करून शिकवा : जखम धुणं, कूस बदलणं, तोंड साफ ठेवणं, नळी सांभाळणं.

घरी दिल्या जाणाऱ्या या सेवेचा खर्च जन आरोग्य योजनेत घ्या.

माझ्या व्यवसायबंधूंच्या वतीने एक विनंती. प्रत्येक तालुक्यात निदान एका विश्वासू औषध विक्रेत्याला मॉर्फिन ठेवण्यासाठी तयार करा, नियम समजावून सांगा, कडक तपासणी ठेवा. मी माझं नाव देतो. माझ्या कपाटाची किल्ली, रजिस्टर, सीसीटीव्ही, जे मागाल ते दाखवीन.

आणि या पत्राला लेखी उत्तर द्या. आमच्या जिल्ह्यात गोळ्या कोणत्या तारखेपासून मिळतील, एवढं त्यात असू द्या.

ही घाई का, ते सांगतो. मागच्या मंगळवारी एक बाई दुकानात आल्या. जवळच्याच वाडीवरच्या. पदराच्या गाठीतून घामाने मऊ झालेला डिस्चार्जचा कागद काढून पुढे केला. नवरा ५२ वर्षांचा, घशाचा कॅन्सर. कागदावर तेच : मऊ आहार, दुखल्यास पॅरासिटामॉल. म्हणाल्या, “दादा, रातभर भिंतीवर डोकं आपटतात. जरा जोराची गोळी द्या.” मी गावातल्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी ट्रॅमाडॉल लिहून दिलं, ते मी दिलं. त्या केंद्राचा पत्ताही लिहून दिला. सव्वादोनशे किलोमीटर म्हटल्यावर त्यांनी कागद घडी घालून परत गाठीत बांधला आणि म्हणाल्या, “त्यांना गाडीत बसवत नाही.”

शनिवारी त्या पुन्हा आल्या. औषधाची मात्रा आता वरच्या टोकाला पोचली आहे. येत्या मंगळवारी परत येतील. त्यांना काय सांगू, ते कळवावे.

आपला नम्र,
एक औषध विक्रेता, मराठवाडा
(नाव व पत्ता आपल्याकडे दिलेल्या दोन्ही अर्जांवर आहे.)